सात वर्षांपुरती बोली

सायकली दुरुस्त करणारे काका सात वर्षांचे असताना आई गेली, आणि घरची बोली बोलायला कुणी उरलंच नाही. बोली जगवायला निघालेल्या बाईंनी काकांकडून वर्षभर जे टिपून घेतलं, ते आईचं दटावणंच होतं. दुसरं त्यांना येतंय कुठे? आता तीस मोठी माणसं तेच शिकत होती.

आज काका दुकानातून तडक वर्गावर आले. एक टकले कारकून अदबीने उठले आणि पाहुण्याचं स्वागत समजून त्या बोलीत म्हणाले, "हात धुतलेस का रे, मेल्या?"

हसावं की भडकावं, काकांना कळेना. पासष्ट वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी ग्रीसने माखलेले हात गुपचूप पाठीमागे लपवले.