गोल्फच्या मैदानातली पाऊलवाट

थोरलीचं घर मैदानाच्या या टोकाला, धाकटीचं त्या टोकाला, आणि मधे गोल्फचं मैदान. दोघींची लग्नं झाली तेव्हा आई म्हणाली होती, "बरं झालं बाई, हाकेच्या अंतरावर आहात." हाक पोचायची, माणूस पोचायचं नाही. मैदान सभासदांचं, कुंपणाला कुलूप आणि पहारेकऱ्याच्या तोंडात कायम शिट्टी. मग थोरलीने गच्चीवर लाल टॉवेल टाकायचा आणि धाकटीने रस्त्याने भला मोठा वळसा घालून चहाला जायचं, असं ठरलं. थोरलीने बोलवायचं, धाकटीने जायचं, हा घरचा कायदाच होता.

एकदा एका नवशिक्या सभासदाने तो टॉवेलच निशाण समजून असा टोला हाणला, की चेंडू काच फोडून थेट दुधाच्या पातेल्यात. तो मागायला आला तेव्हा थोरलीने त्याला दारातूनच वाटेला लावला. चेंडू अजून तिच्या कपाटात आहे.

पुढे सभासद म्हातारे झाले, नवे कुणी फिरकेनात, क्लब बंद पडला. गवत कमरेपर्यंत वाढलं, कुंपणाला भगदाड पडलं. धाकटी त्यातून सरळ जाऊ लागली आणि तिच्या चपलांनी गवतात वाट पडली. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तर तिला तेवढाच रस्ता उरला होता.

मग मैदानावर इमारती, बाग आणि तळं होणार असं कळलं. लोक कुठून कुठे जातात ते बघायला आराखडेवाल्यांची माणसं दिवसभर कुंपणाशी उभी राहिली. त्या सकाळी थोरलीचा फोन आला.

"आज गवतातून आलीस तर बघ! चार परकी माणसं बघतायत. जरा रीतीने ये."

धाकटी बिचारी ठेवणीतले कपडे घालून रस्त्याने गेली. गुडघा सुजला तो आठवडाभर उतरला नाही. आणि आराखडा लागला तेव्हा तिच्या वाटेवर आडवी भिंत होती.

आराखड्यावरची शेवटची सुनावणी मैदानाच्या मधोमध, जुन्या क्लबघरात ठेवली होती. धाकटी काठी टेकत वाटेने तिथवर गेली. थोरली असल्या सभांना जाणाऱ्यातली नव्हे.

"मी रोज जाते हो इथून," धाकटी म्हणाली.

आराखडा करणारी बाई खरंच भली होती. तिने कागद पुन्हा चाळले. "आजी, आमची माणसं दिवसभर होती. इथून कुणीच गेलं नाही."

का गेलं नाही, हे सांगायचं तर चारचौघांत थोरलीला नावं ठेवायची. धाकटीने परत जायला काठी सावरली. ताईकडचा चहा आता संपला, एवढंच तिला कळलं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. दारात थोरली. घरातला गाऊन, पायात न्हाणीघरातल्या चपला, गुडघ्यापर्यंत कुसळं आणि केसांत एक काटकी. जन्मात कधी जी गवतात उतरली नव्हती, ती चांगलं अर्धं मैदान तुडवत आली होती. सभा तिच्याकडे बघत राहिली, आणि तिने खुशाल बघू दिलं.

"त्या दिवशी हिला मी अडवली," ती धापा टाकत म्हणाली. "माझाच शहाणपणा. ही वाट हिची आहे. भिंत घातलीत तर ही माझ्याकडे येणार कशी?"

बाईने बाहेर जाऊन वाट पाहिली, परत येऊन पेन्सिल उचलली आणि भिंतीत फाटकाएवढी जागा मोकळी केली. थोरली नकाशावर वाकली.

"पेन्सिलीने नको. पेनाने काढ."

बाईने हसत पेन घेतलं.

बाहेर आल्यावर धाकटी सवयीने थोरलीच्या घराकडे वळली. थोरलीने तिचा दंड धरला.

"तिकडे नाही. आज तुझ्याकडे."

"माझ्याकडे? पण ताई, मी टॉवेल कुठे टाकलाय?"

"राहू दे," थोरली म्हणाली. "बोलावण्याची वाट बघत बसले असते, तर आज भिंतच आली असती."