न मोजता सांगितलेले सेकंद

मी एक काचेची नळी. यू अक्षरासारखी वाकलेली, एका बाजूला फुगा आणि फुग्याच्या वर-खाली एकेक बारीक रेघ. माझ्यात द्रव भरायचा, वर ओढायचा आणि सोडून द्यायचा. वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत यायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजलं, की तो किती दाट आहे ते कळतं. पाणी धावत सुटतं, मध पाय ओढत येतो. पुस्तकात याला श्यानता म्हणतात. मला वापरणारे काका नुसतं ‘चाल’ म्हणायचे.

एका कारागिराने मला ज्योतीवर घडवलं. पोटातलं केसाएवढं भोक सगळीकडे सारखं राहावं म्हणून त्याने म्हणे स्वतःचा श्वास रोखून धरला होता. तिथून मी थेट या प्रयोगशाळेत आले, ती काकांच्या हाताखाली. चहा किती वेळात होईल असं कुणी विचारलं, तर ते “चार मिनिटं वीस सेकंद” असं सांगायचे. म्हणून सगळे त्यांना सेकंदकाका म्हणत. मला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. “काच आणि जावई, दोघांनाही जपून हाताळावं,” म्हणायचे.

तीस वर्षं मी समजत होते, की द्रवाची चाल फक्त मलाच कळते. मग एका वर्षी ती मंडळी भेटली.

ते सगळे रासायनिक अभियंते. त्यांचं एक मंडळ होतं. संगणकात एक काल्पनिक डबी करायची, तिच्यात हजारभर रेणू सोडायचे, ते एकमेकांना कसे ढकलतात-ओढतात याचं गणित मांडायचं आणि त्यावरून खरा द्रव कसा वागेल ते सांगायचं, हा त्यांचा उद्योग. दरवर्षी ते स्वतःची परीक्षा घेत. एक नवा द्रव निवडायचा, सगळ्यांनी आपापला अंदाज आधी पाठवायचा आणि मग तो खरोखर मोजायचा. त्या वर्षीची मोजणी काकांकडे, म्हणजे माझ्याकडे आली. ज्याला कुणी हातही लावला नाही, त्याची चाल कशी काय सांगणार? मला भारी उत्सुकता लागली.

निकालाच्या दिवशी काका मला पेटीत घालून सभागृहात घेऊन गेले. आमचं उत्तर होतं दोनशे बारा सेकंद. बहुतेकांचे अंदाज त्याच्या आसपासच होते. एकाच बाईंचा अंदाज तीनशे चाळीस. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “मॅडमचे रेणू बहुतेक झोपले होते!” सगळे हसले. बाईही हसल्या. पण नंतर त्या काकांजवळ आल्या.

“काका, बाटली किती दिवस उघडत होता?”

“आठ दिवस. रोज सकाळी. का?”

“हा द्रव हवेतलं पाणी ओढतो. थोडं पाणी शिरलं तरी पातळ होतो.”

काकांचा चेहराच उतरला. “बाई, माझं सगळं आयुष्य यात गेलंय,” एवढंच बोलून त्यांनी माझी पेटी बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत फोन वाजला. मंडळातलेच एक अभियंते होते. त्यांच्या कारखान्यात हाच द्रव विषारी वायू शोषून घेणार होता, आणि तो फिरवणारा पंप या आकड्यावरून निवडायचा होता.

“काका, पंपाचं आजच नक्की करतोय. दोनशे बारा पक्का ना?”

‘पक्का’ म्हणायला कितीसा वेळ लागतो? काका बाटलीकडे बघत राहिले. शेजारीच गरम पाण्याच्या टाकीतून वाफ निघत होती. आठ दिवस बाटली तिच्याजवळच उघडत होती.

“एक दिवस थांबा,” ते म्हणाले. “मला शंका आहे.”

त्यांनी द्रव गरम करून, हवा ओढून घेऊन नीट कोरडा केला. मग तो माझ्यात आला. मला पहिल्या क्षणीच जाणवलं, की हा आधीचा नव्हे. तेव्हा धावणारा आज जड पावलांनी उतरत होता. दोनशे बारा उलटून गेले. काकांच्या हातातलं घड्याळ अजून चालूच होतं. दोनशे शहाण्णव! त्यांनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

“पातळ द्रवाचा पंप घेतला असता तर अडकला असता,” ते मलाच म्हणाले. “आणि तो वायू बाहेर!”

कारखान्याला त्यांनी लगेच कळवलं. संध्याकाळी मंडळाची सगळी माणसं पडद्यावर जमली. काका उभे राहिले. “चूक माझी. बाटलीत पाणी गेलं होतं. त्या बाईंना हसण्यात मीही होतो.”

“म्हणजे आमचे आकडे जुळले तो निव्वळ योगायोग!” कुणीतरी म्हणालं. बाई म्हणाल्या, “काका, तरी माझा आकडा चव्वेचाळीस सेकंदांनी चुकलाच आहे. तो का चुकला ते मला शोधायचंय. कोरड्या द्रवाची एक बाटली पाठवाल?”

काकांनी ती स्वतः बांधली. पुढे दोन महिने दोघांचं फोनवर चालू होतं. त्या रेणूंचा एकमेकांवरचा ओढा थोडा बदलायच्या आणि नवा आकडा सांगायच्या, काका दुसऱ्या तापमानाला मोजून सांगायचे. फरक चव्वेचाळिसाचा अकरावर आला. शून्यावर कधीच आला नाही, आणि त्याचं दोघांनाही वाईट वाटलं नाही.

मंडळाने काकांना सभासद करून घेतलं. अर्जात प्रश्न होता, ‘आपण रेणूंचं गणित करता का?’ काकांनी लिहिलं, ‘नाही. रेणू येतात, त्यांची विचारपूस करतो.’

आता काका निवृत्त झालेत. माझ्या तोंडाचा एक टवका उडालाय, पण चालीला धक्का नाही. एक नवी बाई मला वापरते. आज तिने नवा द्रव आणलाय आणि मंडळातल्या सत्तावीस जणांनी आपापले आकडे आधीच सांगून ठेवलेत. कुणाचा जवळ जाईल, मलाही ठाऊक नाही.

तिला आणि तुम्हालाही माझं एकच मागणं आहे. आकडा नावडता निघाला, तर मला धुऊन पुन्हा एकदा मोजा. आवडता निघाला, तर दोनदा.