लिंबूटिंबू

वडील गेल्यावर दोघे भाऊ घरी आले आणि जेवताना लहानपणच्या लपाछपीच्या आठवणींत रंगले. धाकट्या बहिणीला ते खेळात लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे, म्हणजे तिच्यावर राज्य कधी यायचंच नाही. एकदा ती अख्खी दुपार माळ्यावर लपून बसली होती आणि तिला शोधायला कुणी गेलंच नाही. ते आठवून दोघे पोट धरून हसले.

हात धुऊन थोरल्याने कागद पुढे केला. "घर विकायचं ठरवलंय आम्ही. इथे सही कर."

नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं सगळं तिनेच केलं होतं. "मला विचारलंत?"

"तुला काय विचारायचं? लहान तू!"

तिने पन्नाशी ओलांडली होती. तिने सही केली नाही. भाऊ तणतणत निघून गेले, आणि तिनेही त्यांना थांबवलं नाही.