तळपाय दाखवणारा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण माझ्यात पाहून कुणी केस विंचरत नाही की मिशीला पीळ देत नाही. माझ्यासमोर येणारा माणूस आधी खुर्चीवर टेकतो, चप्पल काढतो, पाय माझ्या मऊ दांडीवर ठेवतो आणि स्वतःचा तळवा पाहतो. म्हणून लोक मला पायआरसा म्हणतात. नाव काही फार ऐटबाज नाही, हे मला ठाऊक आहे. पण या नावाने मी जेवढे पाय वाचवले, तेवढे एखाद्या भारी नावाच्या यंत्रानेही वाचवले नसतील. थोडी फुशारकी मारली, तर रागावू नका.

मी मुळात एका कपाटाच्या दारात बसवलेला होतो. ते दार बिजागरीतून निखळले, म्हणून कपाट एका म्हाताऱ्या सुतारांकडे दुरुस्तीला आले आणि मालक ते न्यायला विसरले ते विसरलेच. सुतारांना घरचे आणि दारचे सगळेच बाबा म्हणत. त्यांची सून जवळच्या आरोग्य केंद्रात नर्स होती. तिला मात्र सगळे सिस्टर म्हणत. बाबांना बरीच वर्षे मधुमेह होता. गोळ्या ते वेळेवर घेत, पथ्य सोयीने पाळत.

एके दिवशी सकाळी सिस्टर कामावर निघाल्या होत्या. ओसरीत त्यांना फरशीवर लालसर ठसे दिसले. एकामागून एक, उजव्या पायाचे. त्या ठशांच्या मागोमाग त्या थेट बाबांच्या कामाच्या खोलीत आल्या. बाबा रंधा मारत मजेत गुणगुणत होते. सिस्टर खाली वाकल्या आणि ओरडल्या,

“अहो बाबा, पायात स्क्रू घुसलाय!”

बाबांनी रंधा थांबवला आणि शांतपणे विचारले, “कुणाच्या?”

मी समोरच उभा होतो, मित्रांनो. त्या एका शब्दाने सिस्टरांचा चेहरा कसा पांढराफटक पडला, ते मी पाहिले. स्क्रू चपलेच्या तळातून आरपार वर आला होता, आणि तीन-चार दिवस चप्पल घातली की दर वेळी तळव्यात रुतत होता. मधुमेहाने बाबांचे पाय बधिर झाले होते. टोचलेले, भाजलेले, सोललेले त्यांना काहीच कळत नव्हते. जखम चिघळली होती. पुढे मोठ्या इस्पितळात त्यांची दोन बोटे कापावी लागली.

बाबा घरी परतल्यावर सिस्टर त्याच खोलीत स्टुलावर बसून म्हणाल्या, “दिवसभर परक्यांच्या जखमा बांधते मी, आणि घरातली जखम मला दिसली नाही.”

“माझ्या पायात असून मला दिसली नाही, तर तुला कुठून दिसणार?” बाबा म्हणाले. “आणि मी बघणार तरी कसा? गुडघे वाकत नाहीत, कंबर धरलेली. स्वतःचा तळवा मी शेवटचा पाहिला, त्याला वीस वर्षं झाली असतील.”

“म्हणजे न वाकता दिसला पाहिजे,” सिस्टर म्हणाल्या.

मग बाबांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

असा मी घडलो. आरोग्य केंद्राने मोडीत काढलेले तपासणीचे एक टेबल सिस्टरांनी रीतसर मागून आणले आणि त्याच्या लाकडाचे माझे अंग झाले. पहिल्या खेपेला बाबांनी मला जमिनीवर आडवा बसवला. मग पाय माझ्यावर धरायचा आणि मान वाकडी करून खाली पाहायचे. ते काही जमेना, शिवाय कुणीतरी माझ्यावर उभे राहिले आणि माझा एक कोपरा तडकला. दुसऱ्या खेपेला मला उभे केले, तर पाय अधांतरी धरून म्हाताऱ्यांच्या मांड्या भरून येत. तिसऱ्या खेपेला पाय ठेवायला गादीची दांडी आली, तिच्यावर रेक्झीन चढले आणि माझ्या मागे बिजागरी बसली, म्हणजे मला हवे तसे कलते करता येईल. बाबांनी हाताचा पंजा दांडीवर ठेवून मला चार वेळा मागेपुढे केले आणि म्हणाले, “झालं काम.”

आरोग्य केंद्रात मला खिडकीपाशी, जिथे लोक रांगेत ताटकळत बसतात, तिथे ठेवले. पहिला आठवडा माझा फार वाईट गेला. कुणी माझ्यावर छत्री अडकवली, कुणी पिशवी ठेवली. चारचौघांत पाय दाखवायला लोक लाजत. भेगा पडलेले, मळलेले पाय सिस्टरांपुढे कसे धरायचे? तेव्हा सिस्टरांनी एक युक्ती केली. त्या पाय दाखवा म्हणेनात. जाता-येता त्या एवढेच म्हणत, “बसलाच आहात तर तोवर बघून घ्या. तुमचा पाय, तुम्हीच बघायचा.”

बसचे एक कंडक्टर मधुमेहाच्या गोळ्या न्यायला येत, उंचेपुरे आणि बोलघेवडे. गंमत म्हणून त्यांनी पाय वर ठेवला, आणि त्यांची बडबड एकदम थांबली. टाचेच्या मधोमध भलामोठा फोड फुटून आत लाल झाले होते.

“सिस्टर,” ते हळूच म्हणाले, “हा माझाच पाय आहे ना?”

तीन आठवडे ड्रेसिंग झाले आणि कंडक्टर ठणठणीत बरे होऊन कामावर रुजू झाले. मग काय विचारता! तिकीट फाडता फाडता ते प्रत्येक प्रवाशाला माझी गोष्ट सांगू लागले. माझ्यापुढे रांग लागायला लागली. मोडीत निघालेल्या बसमधला एक दांडा त्यांनी आणून दिला आणि बाबांनी तो माझ्या बाजूला बसवला, म्हणजे उठताना धरायला आधार झाला.

पण सिस्टर समाधानी नव्हत्या. त्यांनी एक वही केली होती. कुणी पाहिले, काय दिसले, पुढे काय झाले, हे सगळे त्यात त्या लिहीत. जखम दिसलेल्या निम्म्या लोकांपुढे त्यांना ‘परत आले नाहीत’ असे लिहावे लागे. ड्रेसिंग फक्त सकाळी होई, आणि सकाळी लोकांची कामाची वेळ.

अशात केंद्रात एक पत्रक आले. प्राथमिक आरोग्य सेवेत नवे उपाय शोधणाऱ्यांना दोन वर्षांचे अनुदान मिळणार होते. केंद्राच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी ते वाचले आणि सिस्टरांच्या हातात ठेवले.

“हे तुमच्यासाठीच आलंय.”

“माझ्यासाठी कसलं बाई! असलं सगळं मोठ्या मोठ्या दवाखान्यांना मिळतं.”

“इथे कोणीही कर्मचारी असं लिहिलंय. तुम्ही कोणीही आहात की नाही?”

दुपारी केंद्र रिकामे झाल्यावर सिस्टर माझ्याशेजारच्या बाकावर अर्ज घेऊन बसल्या. बाबा माझी ढिली झालेली बिजागरी आवळायला आले होते. पहिली दोन पाने भरभर झाली. तिसऱ्या पानावर सिस्टरांचे पेन अडले. ‘आपल्या कल्पनेत नवीन काय आहे?’ असा प्रश्न होता.

“काय लिहू, बाबा? खरंच, यात नवीन काय आहे?”

बाबांनी तोंडातला स्क्रू काढून हातात घेतला. “लिही, काही नाही. काच जुनी, लाकूड जुनं, आणि पाय तर सगळ्यात जुने. तिघांची गाठ घालून दिली, तेवढंच नवीन.”

सिस्टर हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि त्यांनी ते जसेच्या तसे लिहिले. खाली मागणी लिहिली: आजूबाजूच्या सगळ्या उपकेंद्रांसाठी पायआरसे, ते बनवायला सुतारांना शिकवणी, आणि आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी ड्रेसिंगसाठी एक जास्तीची नर्स.

अर्ज पहिल्या चाळणीतून पार झाला आणि पाहणीसाठी अनुदान समितीचे दोघे जण आले. एक अधिकारी साहेब आणि एक वयस्क डॉक्टर मॅडम. नेमक्या त्याच दिवशी बस बंद होत्या. बाहेरच्या खोलीत एकही रोगी नव्हता. मी लख्ख पुसलेला, आणि माझ्यात दिसत होते ते फक्त रिकामे बाक.

साहेबांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. “याच्यात मशीन कुठंय? ॲप वगैरे काही?”

“नाही साहेब,” सिस्टर म्हणाल्या. “पण लाइट गेली तरी चालतो.”

मॅडम गालात हसल्या. साहेब हसले नाहीत. “वापरून कोण दाखवणार?”

बाबा कोपऱ्यात उभे होते. सिस्टरांनी त्यांच्याकडे पाहिले.

“मी सुतार आहे,” बाबा घाईघाईने म्हणाले. “पेशंट नाही.”

तेव्हा माझ्या लक्षात आले, मित्रांनो. मला घडवणारा हा माणूस माझ्यासमोर एकदाही बसला नव्हता. हाताचा पंजा ठेवून पाहिला होता, पाय नाही. बोटे गेल्यापासून ते मोजा काढत, तेही भिंतीकडे तोंड करून. ज्याच्या कारागिरीने शेकडो लोक धीराने बघायला शिकले, त्याला स्वतःचे पाय बघायची भीती वाटत होती.

“बाबा, बसा,” सिस्टर हळूच म्हणाल्या. “साहेबांसाठी नको. माझ्यासाठी बसा.”

बाबा बसले. आधी उजवा मोजा निघाला. माझ्यात तीन बोटे दिसली. बाबांनी डोळे मिटले, मग उघडले आणि नीट पाहिले. मग त्यांनी डावा पाय ठेवला. अंगठ्याखाली काळसर डाग होता आणि त्याच्या मधोमध लाकडाची बारीक कूस रुतलेली.

सिस्टर समिती विसरल्या, अनुदान विसरल्या. ट्रे घेऊन त्या जमिनीवर बसल्या, कूस काढली, जखम धुतली, पट्टी बांधली. पाहुणे उभेच होते. त्यांना बसा म्हणायचेही कुणाला सुचले नाही.

“दुखत नाहीये गं,” बाबा पुटपुटले.

“म्हणून तर बघायचं, बाबा.”

एवढा वेळ मॅडम वही चाळत होत्या. त्या म्हणाल्या, “सिस्टर, निम्म्या लोकांपुढे ‘परत आले नाहीत’ लिहिलंय. असलं कुणी आम्हाला दाखवत नाही.”

“ते लपवलं तर मागू कशासाठी? त्यांच्यासाठीच तर मागतेय.”

साहेबांनी शेवटचा प्रश्न टाकला. “दोन वर्षांनी अनुदान संपेल. मग याची देखभाल कोण करणार?”

उत्तर बाबांनी दिले, पट्टी बांधलेला पाय तसाच दांडीवर ठेवून. “काच आणि लाकूड आहे साहेब. सुतार कुठे नाहीत? मी शिकवीन. मी गेल्यावर ते शिकवतील.”

दोन महिन्यांनी पत्र आले. अनुदान मंजूर झाले होते. संध्याकाळची नर्स पूर्ण मंजूर, शिकवणीही मंजूर, पायआरशांची संख्या मात्र निम्मी केली होती. बाबांना राग आला. “आरसेच कमी केले?”

“बाबा, आरसा नुसता दाखवतो,” सिस्टर म्हणाल्या. “बांधायला माणूसच लागतं.”

बाबा दोन दिवस फुगून बसले. मीही थोडा फुगलो होतो, खोटे कशाला सांगू? पण संध्याकाळचे ड्रेसिंग सुरू झाले आणि आम्ही दोघेही निवळलो. कामावरून परतणारे लोक थेट केंद्रात येऊ लागले. वर्षाच्या शेवटी वहीत ‘परत आले नाहीत’ असे लिहायची वेळ दहातल्या एखाद्याच्याच बाबतीत येई. बाबांचा डावा पाय नऊ आठवड्यांत बरा झाला. चौदा सुतार त्यांच्याकडे शिकून गेले. त्यांच्यातल्या एकाने घडी घालता येणारा पायआरसा केला, एकीने जमिनीवर बसणाऱ्यांसाठी बुटका केला. माझ्यापेक्षा ते कितीतरी सुबक आहेत आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

दोन वर्षे सरली, अनुदान संपले, तरी संध्याकाळची नर्स राहिली. वहीतले आकडे पाहून ती जागा कायम करण्यात आली. केंद्रात पोलादी पायाचा नवा पायआरसा आला आणि मी मोडक्या खुर्च्यांखाली अडगळीत गेलो. तिथे माझ्यावर धूळ साचली, माझा पारा जागोजागी उडाला. वाईट वाटले, पण बाहेरून रोज दांडीवर पाय टेकल्याचा आवाज येई, तो ऐकून बरे वाटे. एका साफसफाईत सिस्टरांनी मला ओळखले आणि घरी नेले.

आता मी बाबांच्या खुर्चीसमोर असतो. ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत. रोज सकाळी चहाआधी ते पाय ठेवतात, डावा मग उजवा, सावकाश पाहतात आणि आत हाक देतात, “सूनबाई, आठच्या आठ जागेवर आहेत!”

मित्रांनो, माझी जपणूक करा असे मी सांगणार नाही. काच फुटली तर दुसरी मिळेल. पण तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल, तर आज त्यांचे तळपाय पाहा. आरसा नसला तरी चालेल, तुमचे डोळे आहेतच. ते नको म्हणतील, लाजतील, मला काही झालेले नाही म्हणतील. तुम्ही त्यांच्यासमोर जमिनीवर बसा आणि पुन्हा विचारा.