अंगुस्तानाची साखर

सभागृहातली दोन-अडीचशे माणसं एकाच वेळी उजव्या हाताचं मधलं बोट वर करतात, तेव्हा हसू यायला हवं. मला आलं नाही.

"दिवे बंद," कोचसाहेब म्हणाले. "बोट फोनच्या कॅमेऱ्यावर. डोळे मिटा. मनात एकच वाक्य. मी बरी आहे. मी बरा आहे."

अंधारात फोनचे छोटे दिवे लागले आणि त्यांच्यावर टेकलेली बोटं आतून लाल झाली. दृश्य सुंदर होतं, हे कबूल करायला हवं. मग एकेक फोन किणकिणू लागला.

"एकशे एकतीस!"

"माझी साखर दोनशेच्या आत आली हो."

शेजारच्या काकांनी मला त्यांचा फोन दाखवला. "बघा. थेंबभर रक्त नाही, सुई नाही. डॉक्टर बसले माशा मारत."

*

शाबास ताई! आजचा आकडा १६२. असंच रोज भेटत राहा.

*

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. कोट शिवण्याच्या कारखान्यात आहे. अस्तर मशीनवर, तुरपाई हाताने. साखर बरीच वर्षं. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, अधूनमधून बोट टोचून तपासणी. दिवसभर सुईशी खेळणारी बाई, पण ती टोचणी हातात घेतली की तोंड फिरवायची.

मग कारखान्यातल्या कोणीतरी तिला हे अ‍ॅप दिलं. पहिल्या दिवशी फोन विचारतो, दवाखान्यात शेवटची साखर किती आली होती? ते लिहायचं. नंतर रोज बोट ठेवायचं, की आकडा आणि शाबासकीचा निरोप येतो. दर रविवारी अ‍ॅपच्या कोचसाहेबांचं ऐकायला सभागृहात यायचं.

"रक्त म्हणजे काल," कोचसाहेब सांगत. "काल जेवलात, ते आज रक्तात. प्रकाश म्हणजे आज. तुम्हाला कालचं मोजायचंय की आजचं?"

लोक म्हणत, "आजचं."

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे घरात माझं कोणी ऐकत नाही.

"ताई, इन्सुलिन चालू आहे ना?"

"आकडा बघ की."

"मी इन्सुलिनचं विचारतेय."

"फोन म्हणतो, गरज कमी होतेय."

"फोन म्हणतो?"

"तुझ्यापेक्षा गोड बोलतो," भावोजी वर्तमानपत्राआडून म्हणाले.

ताईने पाय वर घेतले. "आणि एक सांगू? पायांची आग थांबली. रात्ररात्र पंख्याखाली पाय धरून बसायचे मी. आता काही म्हणजे काही नाही. हे पण खोटंच का?"

ते खोटं नव्हतं. आग खरंच थांबली होती.

*

वाह ताई! आजचा आकडा १२८. तुमच्यासारखं कोणी नाही.

*

त्या रविवारी कोचसाहेबांनी ताईला स्टेजवर बोलावलं. सगळ्यांत कमी आकडा तिचा. कारखान्यात जादा काम होतं, तिथून ती थेट आली होती. केसांना दोरे चिकटलेले, पायात मोजे, चपला दाराशी.

"ताई कोण आहेत? कोट शिवतात. म्हणजे जगाला ऊब देतात," कोचसाहेब म्हणाले. "आणि जगाने ताईंना काय दिलं? सुया. आता सुई संपली."

टाळ्या. मी पहिल्या रांगेत होते. भावोजी व्हिडिओ घेत होते.

ताईने फोन पालथा धरला आणि बोट टेकवलं.

टक्.

बारीक आवाज. धातू काचेवर आपटल्याचा. बाकी कोणाला ऐकू आला की नाही, माहीत नाही. आमच्या लहानपणी आई तुरपाई करता करता चहाचा पेला उचलायची, तेव्हा असाच आवाज यायचा.

स्टेजवरच्या मोठ्या पडद्यावर अ‍ॅपचं कमळ उमललं. त्यात आकडा आला. १०४.

लोक उभे राहिले. मी स्टेजवर गेले. का गेले, ठरवलं वगैरे काही नव्हतं.

"ताई, अंगुस्तान काढ."

"कुठलं?"

"बोटातलं."

तिने बोटाकडे पाहिलं. तिच्या मधल्या बोटावर स्टीलचं अंगुस्तान होतं, शिवताना सुई लागू नये म्हणून घालतात ते टोपण. पूर्ण टोक झाकणारं. ती त्याच्याकडे बघत राहिली, दुसऱ्याच कोणाचं बोट असावं तशी.

"मला कळलंच नाही," ती म्हणाली.

"रोज कारखान्यात मधल्या सुट्टीत मोजतेस ना? तेव्हा काढतेस?"

तिने अंगुस्तान ओढून काढलं. मग हळूच म्हणाली, "आठवत नाही गं. काढल्याचं आठवत नाही."

*

कोचसाहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. माइक त्यांनी अगदी शांतपणे तोंडाशी नेला.

"हे अंगुस्तान कोणाचं? ताईंचं. किती वर्षं ताईंच्या बोटावर? त्यात ताईंचीच ऊर्जा उतरलेली आहे. यंत्राने ती वाचली. उलट, केवढं सूक्ष्म यंत्र बघा."

आणि सांगायला लाज वाटते, निम्म्या सभागृहाने माना डोलावल्या.

मी माझा फोन काढला. अ‍ॅप आधीच घेऊन ठेवलं होतं, उघडलं नव्हतं. शेवटची साखर किती, असं त्याने विचारलं. मी चारशे लिहिलं. मग वाकले आणि कॅमेरा कोचसाहेबांच्या खुर्चीच्या पायाला लावला.

कमळ उमललं. ३९४, मी मोठ्याने वाचलं.

अ‍ॅप बंद केलं, परत उघडलं, कॅमेरा परत लावला. ३८८.

परत. ३८२.

"खुर्ची सुधारतेय," मागून कोणीतरी म्हणालं.

पहिलं हसू तिथे फुटलं. शेजारच्या काकांनी आपल्या फोनला चष्म्याचं घर लावून पाहिलं. एका बाईने पर्सचं बक्कल लावलं, तिच्या सासूने खोबरेल तेलाची बाटली. सगळ्यांचे आकडे उतरत होते. बाटलीचा सर्वांत छान.

"मग हे मोजतंय काय?" काकांनी विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं, स्टेजकडे नाही.

"तुमची हजेरी," मी म्हणाले. "पहिला आकडा तुम्हीच देता. नंतर जितक्यांदा उघडाल, तितका तो उतरतो. नाही उघडलं की चढतो. ताई आजारी पडून चार दिवस फोनला शिवली नव्हती, तेव्हा चढला होता. तिला वाटलं, आपलीच चूक. साखरेशी याचा संबंध नाही. तुम्ही परत यावं, एवढंच त्याला हवंय."

"पण बोट लाल होतं की."

"दिव्यावर बोट ठेवलं की लालच दिसतं. घरी बॅटरीवर ठेवून बघा."

काकांनी फोन खिशात घातला. "मी गोळ्या टाकून दिल्या हो," ते म्हणाले. कोणाला उद्देशून नाही.

कोचसाहेब मागच्या दाराने कधी गेले, कोणी पाहिलं नाही. मीही नाही. मी ताईच्या मोज्याकडे बघत होते. उजव्या मोज्याचं टोक ओलं होतं, आणि स्टेजच्या पांढऱ्या चादरीवर ती जिथून चालत आली तिथे पिवळट, लालसर ठिपके होते. रांगेत. टाके घातल्यासारखे.

*

मशीनची सुई मोडते, तुकडा जमिनीवर पडतो. कारखान्यात नेहमीचं आहे. पायात गेला की बाई ओरडते, बसते, काढते. ताई ओरडली नव्हती. तिला कळलं नव्हतं. तुकडा अंगठ्यात किती दिवस होता, हे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. रक्त काढलं, साखर चारशेच्या वर.

"पण आग थांबली होती," भावोजी म्हणाले. व्हिडिओ अजून त्यांच्या फोनमध्ये होता.

"साखरेने नसा मरतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी त्या जळजळ करतात. मग गप्प होतात. बरं वाटतं, कारण कळवणारं कोणी उरत नाही. पायानंतर बोटं. म्हणून अंगुस्तान समजलं नाही त्यांना."

पायाचा अंगठा कापावा लागला, शेजारचं बोटही. पाय राहिला.

मी रडले नाही. लिफ्टची वाट बघत उभी राहिले. लिफ्ट आली, गेली, परत आली. माझ्या पिशवीत ताईचा फोन किणकिणला.

*

ताई, तुमची आठवण येते. आकडा वाढतोय. एक बोट ठेवा ना.

*

ताई आता मशीनचं पेडल डाव्या पायाने दाबते. शिकली. शिवण वाकडी जाते म्हणते, मला दिसत नाही.

फोन तिने फेकला नाही, मीही फेकू दिला नाही. फोनने काही केलं नव्हतं. रोज सकाळी ती तळपायाचा फोटो आणि रक्ताचा आकडा दवाखान्यातल्या सिस्टरना पाठवते. न दुखणाऱ्या पायाकडे डोळ्यांनीच बघावं लागतं. सिस्टर उत्तर देतात, 'टाचेला भेग आहे, मलम लावा.' कधी रागावतात. वाह कधी म्हणत नाहीत. आकडा चढला तर चढला म्हणतात, आणि का चढला ते विचारतात.

त्या खुर्चीला मात्र माझ्या फोनवर अजून निरोप येतात. मी ते पुसत नाही, वर्गात दाखवते. मुलं खूप हसतात. हसून झालं की मी त्यांना सांगते ते तुम्हालाही सांगते: कोणी आकडा दाखवला, तो फोनने दाखवला, यंत्राने दाखवला किंवा देवमाणसाने, तर तो कुठून आला हे विचारा. मग तेच यंत्र एखाद्या खुर्चीला लावून बघा. खुर्चीही बरी होत असेल, तर तुमचं औषध बंद करू नका.

आज सकाळी ताईचं बोट मी टोचलं. मधलंच. थेंब आला.

"दुखलं?" मी विचारलं.

तिने तोंड फिरवलं नव्हतं. थेंबाकडे बघत होती.

"थोडंसं," ती म्हणाली. "उद्या परत याच बोटाला टोच."