सुतीच आहे

"ही चादर नाही, पलंगपोस आहे," टेबलावर पसरलेल्या पांढऱ्या विणकामावरून तळहात फिरवत दोरेसाहेब म्हणाले. "दोन्हींचा गट वेगळा, ड्युटीचा दर वेगळा. शिवाय सुती आहे की मिश्र धाग्याचा, तेही बघावं लागेल."

परदेशाहून येणारं घरगुती कापड कस्टमच्या गोदामात दोरेसाहेबांच्या हाताखालून जाई. पडदे, टॉवेल, अभ्रे, ब्लँकेटं. कुठलं कापड कुठल्या गटात घालायचं, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दिसेल त्या कापडाचा दोरा काढून तो जाळून बघायची त्यांना खोड, म्हणून खरं आडनाव मागे पडून हेच नाव चिकटलं. साडूच्या घरी गेले तरी आधी पडद्याची कड चाचपत, मग पाणी पीत.

पार्सल सोडवायला आलेल्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. त्यांची धाकटी बहीण परदेशात वारली होती आणि तिच्या शेजाऱ्यांनी हे विणकाम पाठवून दिलं होतं. तिचा उजवा हात लुळा पडला होता, तरी काम गुडघ्याशी दाबून धरून डाव्या हातानं ती विणत राहिली, असं बाई सांगत होत्या. दोरेसाहेब हं हं करत होते. त्यांचं अर्धं लक्ष शेजारी उभ्या असलेल्या, नुकत्याच रुजू झालेल्या दोन अधिकाऱ्यांकडे होतं.

खरं म्हणजे तळहात फिरवला तेव्हाच त्यांना कळलं होतं. पण नव्या माणसांसमोर नुसतं 'सुती' म्हणून मोकळं व्हायचं, हे काही त्यांच्या मनाला येईना. त्यांनी कात्री घेतली. एका टोकाला एक फूल अर्धवट राहिलं होतं. तेवढंच कापलं तर काय बिघडतंय, असं त्यांना वाटलं.

"ते टोक नको हो," बाई म्हणाल्या. "दुसरीकडून घ्या."

"काळजी करू नका ताई, नमुना घ्यायचा नियमच आहे," असं म्हणत त्यांनी फूल कापलं, चिमट्यात धरून काडी लावली आणि धुराची रेघ त्या दोघांच्या नाकाशी नेली. जळलेल्या कागदाचा वास आला तर सुती, केस जळल्यासारखा आला तर लोकर, आणि वितळून गोळी झाली तर कृत्रिम धागा. सगळं त्यांनी अगदी रंगवून सांगितलं. दोघांनी माना डोलावल्या.

मग बाई बोलल्या. आवाज चढलेला नव्हता.

"सुतीच आहे. दोरा मीच पाठवायची तिला. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

पलंगपोसाची घडी घालता घालता त्या थांबल्या. "तिचा हात तिथंच थांबला होता," त्या म्हणाल्या.

चिमट्याच्या टोकाला चिमूटभर राख उरली होती. दोरेसाहेबांनी ती झटकलीही नाही आणि ठेवलीही नाही, नुसते चिमटा धरून उभे राहिले. नव्या दोघांपैकी एक जण खिडकीबाहेर पाहू लागला.

त्या दिवशी घरी त्यांना घास गोड लागला नाही. बायको विणकाम करायची. तुटलेलं फूल पुन्हा भरता येतं का, असं त्यांनी उगाच विचारल्यासारखं विचारलं. कुणाचं, कसं तुटलं, हे तिनं त्यांच्याकडून काढून घेतलंच.

"भरता येईल की," ती म्हणाली. "पण ते माझं होईल. त्या बाईंच्या बहिणीचं कसं होईल?"

रविवारी ते पार्सलवरचा पत्ता शोधत बाईंच्या घरी गेले. तीन मजले चढताना माफीची वाक्यं जुळवली होती, पण दार उघडल्यावर ती म्हणायची वेळच आली नाही. बाईंनीच त्यांना आत घेतलं.

"बरं झालं आलात. जरा ते टोक धरा," त्या म्हणाल्या. त्या नेमक्या पलंगपोस अंथरायला घेत होत्या.

दोरेसाहेबांनी पलंगपोस दोन बोटांत धरला, गरम भांडं धरावं तसा. कापलेल्या जागेचे दोरे उसवू नयेत म्हणून बाईंनी तिथं गाठ मारली होती. ते टोक त्यांनी भिंतीकडे वळवून गादीखाली सरकवलं.

"माझं चुकलं," ते कसेबसे म्हणाले. "गरज नव्हती."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला वळल्या. चहा नको म्हणत ते दाराशी येऊन बूट घालू लागले. तेवढ्यात शेजारीण आत आली. पलंगपोस पाहून तिचे डोळे विस्फारले. हात फिरवत फिरवत ती भिंतीच्या कडेला पोचली आणि तिनं टोक बाहेर ओढलं.

"अगंबाई, इथं काय झालं?"

"उंदरानं कुरतडलं गं," बाई म्हणाल्या.

"आणि हे कोण?"

"हे कस्टममधले साहेब. पार्सल सोडवायला यांची फार मदत झाली."

एवढी मदत करणारी माणसं आजकाल कुठं भेटतात, असं शेजारीण म्हणाली. आता खरं सांगायला हवं होतं. दोरेसाहेब खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिले. नाडी केव्हाच बांधून झाली होती.