तहसील सौसरच्या हुकमानं

मधुकर गावचा कोटवार, म्हणजे कोतवाल. त्याच्या घराण्यात एक नियम होता. तो कुठं लिहून ठेवलेला नव्हता, म्हणूनच पक्का होता. चिठ्ठीबगर तोंड उघडायचं नाही. तहसिलीतून, पटवाऱ्याकडून, नाहीतर सरपंचाकडून चिठ्ठी आली, की गावभर फिरून मुनादी, म्हणजे दवंडी, द्यायची. चिठ्ठी नाही तर आपण आणि आपलं घर भलं.

मध्य प्रदेशातल्या सौसर तहसिलीत, मोहगावच्या अलीकडचं त्यांचं गाव. मधुकरच्या बापानं बुद्धधम्माची दीक्षा घेतली तेव्हा डफडं नदीत सोडून दिलं. म्हणाला, यापुढं वाजवणार नाही, सांगायचं ते तोंडानं सांगीन. तेव्हापासून या घरचा आवाज हेच डफडं. आणि आवाज तरी कसला, बाप्पा! पाराजवळ दिलेली मुनादी वरच्या संत्र्याच्या बगीच्यात ऐकू जायची. शेवटचे शब्द बापाच्या वेळेपासून ठरलेले होते, "तहसील सौसरच्या हुकमानं." हे कानावर पडलं की बायका हातातलं काम थांबवायच्या. मधुकरची एकुलती एक लेक अश्विनी लहान असताना त्याच्या मागं मागं फिरायची आणि प्रत्येक हुकमानंतर ठसक्यात "हो" म्हणायची. लोक हसायचे. म्हणायचे, कोटवारापेक्षा कोटवारीण कडक आहे.

ती अश्विनी आता तिगावला दिली होती, पांढुर्ण्याच्या पुढं. नवरा वसंत गरीब स्वभावाचा. सासरा रामाजी मात्र शब्दाचा माणूस. एकदा एखादी गोष्ट त्याला पटली, की देव जरी खाली आला तरी तो ऐकायचा नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा तो उन्हाळा. गावात खोकल्याबगर घर उरलं नव्हतं. अस्पतालात नेलेली माणसं प्लास्टिकात बांधून यायची, कोणाला तर तिकडच्या तिकडंच जाळायचे. मधुकर रोज ओरडायचा, घरात राहा, तोंडाले बांधा. लोक दाराच्या फटीतून विचारायचे, "ते तं करूनच राहिलो, कोटवार. पण इलाज काय?" चिठ्ठीत इलाज कधी नसायचा. सारा जन्म गावाला काहीतरी सांगण्यात गेला, आणि आता लोक विचारत होते तर सांगायला काही नव्हतं. त्याला लाज वाटायची.

अशात भूपेंद्र आला. गावात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं त्याचं दुकान होतं, आणि गावाच्या नावानं मोबाईलवर एक पेजही तो चालवायचा. पोरगा वाईट नव्हता. नुसता उतावळा होता.

"काका, एक मेसेज आला. संत्र्याच्या वाळल्या सालीचा काढा घ्याचा आन् पालथं झोपाचं. छाती मोकळी होते म्हणते. अस्पतालात जाचं काम नाही. तुमच्या आवाजात सांगा न."

"चिठ्ठी कोठी आहे?"

"हे मुनादी थोडीच आहे, काका. मोबाईलवर बोलाचं. आपल्या गावच्या पोट्ट्याईसाठी."

मधुकरनं विचार केला. पाराजवळ उभं राहून सांगितली तर ती मुनादी. घराच्या ओट्यावर बसून मोबाईलकडं पाहून सांगितलं तर ती मुनादी कशी होईल? साली तर घरोघरी होत्या. काढ्यानं कोणाचं काय बिघडणार होतं? आणि खरं सांगायचं तर त्यालाही काहीतरी सांगायचंच होतं. मालती, त्याची बायको, आतून म्हणाली, "जे आपल्याले समजत नाही ते कायले सांगता?" पण घरच्या बाईचं ऐकणारा माणूस आमच्या भागात अजून जन्मायचा आहे.

तो बोलला. छातीवर कोटवाराचा बिल्ला लावून, गळा मोकळा सोडून बोलला. आणि जन्माची सवय ती, जिभेनं आपलं काम केलं. काढा झाला, पालथं झोपणं झालं, अस्पतालात जाऊ नका हे झालं, आणि शेवटी आपसूक निघून गेलं, "तहसील सौसरच्या हुकमानं."

त्याच्या ध्यानातही आलं नाही. भूपेंद्रच्याही आलं नाही. आलं असतं तरी पोरगा म्हणाला असता, काय भारी झालं.

तो व्हिडिओ वणव्यासारखा गेला. मोहगाव, लोधीखेडा, सौसर, पांढुर्णा. कोणी त्याला मागं बासरी लावली, कोणी वर तिरंगा लावला. ज्या गावांनी मधुकरचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी त्याचा बिल्ला पाहिला आणि हुकूम ऐकला. लोकांना वाटलं, चला, सरकारनं एकदाचा इलाज सांगितला. पहिले दोन दिवस मधुकरलाही बरं वाटलं, हे लपवून काय करायचं? लोक फोन करून आशीर्वाद देत होते.

मग अश्विनीचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"बाबा, ताप उतरून नाही राहिला. दम लागते."

"मंग अस्पतालात जाय न, बाई. पांढुर्णा काय दूर आहे?"

ती खोकली. "बाबा, तुम्हीच तं सांगितलं, जाऊ नका म्हणून. मामाजी तुमचाच व्हिडिओ दाखवते. मी काढा घेऊन राहिली."

मधुकरनं व्याह्याला, रामाजीला, फोनवर बोलावलं. "इवाई, हात जोडतो. पोरीले अस्पतालात न्या. तो हुकूम नव्हता. पोट्ट्यानं म्हटलं, मी बोलून गेलो."

"इवाई, तुम्ही घाबरले," रामाजी शांतपणे म्हणाला. "लेक आहे, जीव तुटते, मले समजते. पण तहसीलचा हुकूम म्हणून तुम्ही साऱ्या मुलखाले सांगितलं. आता घरच्या पोरीपुरतं वेगळं कसं सांगता? अस्पतालात गेलेला माणूस वापस आला का? पोरगी जशी तुमची तशी माही."

आता बोला. शिव्या दिल्या असत्या तर उलट शिव्या देता आल्या असत्या. पण हा माणूस मायेनं बोलत होता, आणि मधुकरच्याच शब्दानं बोलत होता. शिवाय दिलेल्या लेकीच्या घरात बापाचं किती चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. बाप विनंती करू शकतो, हुकूम नाही.

तो तसाच भूपेंद्रच्या दुकानात गेला. "पुसून टाक ते."

"आपल्या पेजवरचा आत्ता पुसतो, काका. पण लोकाईनं उतरवून घेतला, ते कसं पुसू?"

"मंग दुसरा बनव."

दुसरा बनवला. या वेळी मधुकरनं बिल्ला काढून ठेवला होता. तो म्हणाला, "मी मधुकर कोटवार. मी सांगितलं होतं, संत्र्याच्या सालीचा काढा घ्या, पालथं झोपा, अस्पतालात जाऊ नका. ते खोटं आहे. काढ्यानं हा आजार जात नाही. दम लागला तं अस्पतालात जा." इथं त्याचा आवाज फाटला, पण त्यानं भूपेंद्रला थांबवू दिलं नाही. "अश्विनी, बाई, तू तं ऐक. हा कोणाचा हुकूम नाही. तुह्या बापाचं सांगणं आहे. आजच्या आज गाडीत बस."

भूपेंद्रनं तो टाकला आणि रामाजीच्या फोनवर त्याची लिंक पाठवली. मधुकर दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. काही वेळानं भूपेंद्र आतून बाहेर आला. त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"काका, पेजवाल्या कंपनीनं काढून टाकला."

"कोणता?"

"आत्ताचा. म्हणते, आरोग्याची चुकीची माहिती आहे."

मधुकरला वाटलं पोरगा थट्टा करतोय. भूपेंद्रनं समजावून सांगितलं, तिथं माणूस बसलेला नसतो, मशीन असते. काढा, अस्पतालात जाऊ नका, एवढे शब्द तिनं धरले. पुढचं 'खोटं आहे' तिला समजलं नसेल. आपली वऱ्हाडी तिला कोण शिकवणार? "आन् पहिला?" मधुकरनं विचारलं. पहिला लोकांच्या पेजवर तसाच होता. त्यात बासरी होती, तिरंगा होता, मशीनला काही समजलंच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, ते हे. वर त्या कंपनीनं भूपेंद्रच्या पेजलाही कुलूप लावलं. महिनाभर काही टाकता येणार नाही. फेरतपासणीचा अर्ज एक बटण दाबून झाला. उत्तराचा पत्ता नाही. भूपेंद्रनं लोकांच्या पेजवरचे ते पहिले व्हिडिओही कंपनीला कळवून पाहिले. तिथूनही काही नाही.

रामाजीचा फोन संध्याकाळी आला. आवाजात राग नव्हता, समाधान होतं.

"इवाई, तुमचा दुसरा व्हिडिओ उघडला. तिथं लिहून आलं, खोटी माहिती होती म्हणून काढला. मी म्हटलंच होतं न? कंपनी तपासून पाह्यते. पहिला खोटा असता तं तोही काढला असता. तो तं आहे. आजही आहे."

जन्मभर लोकांनी त्याचं ऐकलं, कारण त्याच्यामागं तहसील होती. आता मधुकर एकटा बोलत होता तर त्याच्या बोलण्याला काडीची किंमत नव्हती. त्याला आपल्याच गळ्याचा राग आला, असा की तो हातानं आवळावासा वाटला. मालतीनं त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि ती आत गेली. तिनं बोलायला हवं होतं असं त्याला वाटत राहिलं.

सकाळी त्यानं भूपेंद्रची मोटारसायकल काढायला लावली. नाक्यानाक्यावर पोलीस होते. कोटवाराचा बिल्ला पाहून सोडत गेले. पांढुर्ण्याच्या अलीकडं एक शिपाई हसून म्हणाला, "तुम्ही तो काढेवाले न? माह्या घरीही चालू आहे." मधुकर गाडीवरून उतरला आणि त्याला सांगू लागला, ते खोटं आहे, भाऊ, घरच्याईले दवाखान्यात दाखव. शिपायानं मान हलवली. ती कशी हलवली ते मधुकरला कळलं. वेड्याशी बोलताना माणूस तशी हलवतो.

तिगावला अश्विनी खाटेवर पालथी पडलेली होती. बाजूला काढ्यानं भरलेला गंज होता. संत्र्याच्या सालीचा वास साऱ्या घरात भरला होता. ओठ निळे पडले होते. बापाला पाहून तिनं उठायचा प्रयत्न केला, उठता आलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मी सगळं बरोबर करून राहिली. एकदाही चुकली नाही."

मधुकरनं रामाजीकडं पाहिलं नाही, वसंतकडं पाहिलं नाही. त्यानं लेकीला उचललं. या वेळी कोणी आडवं आलं नाही. रामाजीनंच धावत जाऊन शेजाऱ्याची गाडी आणली. तो पुटपुटत होता, मी म्हटलं होतं बरं वाटंल, मी म्हटलं होतं. गाडीत ती बापाच्या मांडीवर होती. मधुकर तिच्या कानाशी बोलत राहिला, आलं पांढुर्णा, आलंच, ऐकून राहिली न? ती आधी मान हलवायची. मग तिनं तेही सोडलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं बोटाला मशीन लावून पाहिली आणि विचारलं, "इतके दिवस घरीच ठेवली? काऊन?" तिला ऑक्सिजन मिळाला, खाटही मिळाली. नुसता वेळ मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. लांबूनच पाहू दिलं. जाळायलाही दुसऱ्याच माणसांनी नेलं, आणि बापाच्या हाताला मूठभर राखही लागली नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी रामाजी खाली बसला होता. एवढा शब्दाचा पक्का माणूस, पण त्याला उठता येत नव्हतं. तो म्हणाला, "इवाई, आम्ही तं तुमचंच ऐकलं." त्यात दोष देणं नव्हतं. तो खरोखर विचारत होता, मग आम्ही कोणाचं ऐकायला हवं होतं? मधुकर त्याच्या बाजूला मातीत बसला.

त्यानंतर मधुकरनं मुनादी दिली नाही. कोरोनाच्या लसीचा टीका आला तेव्हा तहसिलीतून चिठ्ठी आली, शिक्क्याची, खरीखुरी. त्यानं ती सरपंचाला नेऊन दिली आणि बिल्ला तिच्यावर ठेवला. पंचायतीनं भोंगा लावलेली गाडी फिरवली. लोक दारं लावून बसले. म्हणाले, कोटवार स्वतः आला असता तर घेतला असता.

पावसाळा संपत आला होता. एका दुपारी भूपेंद्र ओट्यावर आला. त्यानं चप्पल काढली, बसला नाही. मालती सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

"काका, कंपनीचं उत्तर आलं," तो म्हणाला. "म्हणते, चूक झाली. तुमचा व्हिडिओ आमच्या नियमात बसते. वापस लावला."

"आन् पहिला?"

भूपेंद्र खाली पाहू लागला. "तो आहे, काका. दोनचार ठिकाणी."

वरातीमागून घोडं, तेही असं. मधुकर भिंतीकडं तोंड करून बसला. पण पोरगा उतावळा तो उतावळाच, त्याचं बोट लागलं आणि व्हिडिओ चालू झाला. साऱ्या ओट्यावर तो आवाज भरला, जो गावानं कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. 'अश्विनी, बाई, तू तं ऐक. हा कोणाचा हुकूम नाही. तुह्या बापाचं सांगणं आहे. आजच्या आज गाडीत बस.'

भूपेंद्रनं घाईनं फोन बंद केला. मालतीचं सूप हातातच राहिलं होतं. तिनं हा व्हिडिओ तेव्हा पाहिलेला नव्हता. कोणीच पाहिलेला नव्हता.

"भूपेंद्र," ती म्हणाली, "आता तो तिच्याही फोनवर गेला असंल का?"

पोरगा रडायला लागला. मधुकर मात्र तसाच भिंतीकडं पाहत बसला, आणि त्यानं तोंड उघडलं नाही.

"गेला असंल, काकू," भूपेंद्र म्हणाला. "आता तो सगळ्याईले दिसते."